त्या सालचं नवं

आश्विन संपत आलाय. माझ्या दारामागे ओली छत्री आहे, डोक्यावर पंखा पाचवर आहे, आणि काल सकाळी शाळेला निघाले तर रस्त्यापलीकडचं काही दिसेना इतकं धुकं. आता बोला! रेनकोट धुऊन माळ्यावर टाकावा की स्वेटर खाली काढावा, याचा निकाल गेले आठ दिवस लागत नाहीये. तलासरीला मी शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे ऋतूंचं मला सगळं कळतं, अशी लोकांची समजूत आहे. परवा सहावीतल्या एका मुलीनं सरळच विचारलं, "बाई, आता कुठला ऋतू चालू आहे?" मी म्हटलं, "पुस्तकात बघ." ती म्हणाली, "पुस्तकात बघितलं बाई, म्हणून तर विचारते." वर्ग हसला, मीही हसले, आणि फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुन्हा लिहिली.

पण हवेचं निमित्त पुरे. खरा गोंधळ माझ्या डोक्यात आहे. मी नऊ वर्षांची असताना मला घरातून उचलून मामाकडे ठेवलं होतं. का ठेवलं, याचं एक उत्तर मला तेव्हा मिळालं होतं आणि पंचेचाळीस वर्षं मी ते जपून ठेवलं होतं. यंदाच्या आश्विनात एका भाताच्या काडीनं ते खोटं ठरवलं. काडीनं! माणसानं खोटं ठरवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

आमचं घर कैनाडला. आता तिथं भाऊ राहतो, वहिनी आणि आई. शनिवारी शाळा सुटली की मी तलासरीहून निघते, डहाणूला उतरते, बाजारातून आईसाठी सुकट घेते आणि कैनाड गाठते. बाजारात चिंचणीची एक मासेवाली आहे, तिला माझी आई ठाऊक आहे. "म्हातारीला दात हायेत का अजून?" असं दर वेळी विचारते आणि मूठभर जास्त टाकते. शेजारी भाजीवाला गुजरातीत ओरडत असतो, समोरची बाई त्याच्याशी हिंदीत घासाघीस करते, आणि शेवटी दोघं मराठीत भांडतात. या सगळ्यातून बाहेर पडून कैनाडचा रस्ता लागला की या दिवसांत एक वास येतो. पिकत आलेल्या भाताचा. शिजलेल्या भाताचा नाही हं. दूध तापवलेलं पातेलं गार झाल्यावर त्याला येतो तसा, किंचित करपट आणि किंचित गोड. हा वास आला की माझ्या हातांना आपोआप खाज सुटते. भात कापताना पात्यांची कुसं लागून कोपरापर्यंत जी खाज सुटायची ना, ती. हातांना अजून ते साल आणि हे साल यातला फरक कळत नाही.

यंदा तो वास आंबट होता. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापून शेतात पसरलं आणि त्यावर दोन दिवस पाऊस पडला. भाऊ बांधावर उभा राहून बघत होता. म्हणाला, "ताई, कापलं तर पाऊस, नाय कापलं तर आडवं होतं. करायचं काय माणसानं?" मी लोंबी उचलून बघितली तर दाण्यांना मोड आलेले. पांढरे, इवले इवले. मुगाला येतात तसे. दिसायला इतके गोजिरवाणे की क्षणभर आनंदच झाला, आणि मग स्वतःची लाज वाटली.

आमच्याकडे पहिलं कणीस घरात येतं त्याला 'नवं' म्हणतात. भाताच्या पाच-सात लोंब्या, नागलीचं म्हणजे नाचणीचं एक कणीस, आंब्याची पानं, कुर्डूचं फूल. सगळ्याची एक जुडी बांधायची, हळदकुंकू लावायचं आणि घरात टांगायची. बाकी लोक दारावर लावतात आणि पुढच्या वर्षी जुनी काढून टाकतात. आमच्या घरात काढत नाहीत. चुलीच्या वरच्या वाशाला जुन्या नव्याशेजारी नवं नवं बांधत जायचं. का, ते विचारायचं नाही. आईच्या सासूनं काढलं नाही म्हणून आईनं काढलं नाही. नियम दोनच. नवं चुकवायचं नाही, आणि ते आपल्याच शेतातलं पाहिजे. बांधायला दोरा नाही, चिंधी. त्या वर्षी घरात जे फाटलं असेल त्याची चिंधी. त्यामुळे आई वर बघून साल सांगते. "हा तुझ्या बापाचा धोतराचा काठ, तवा बैल मेला." "ही माझी चोळी, तवा तुझा भाऊ झाला." मधे गॅस आला, मागच्या पडवीत ओटा झाला, पण तो वासा आणि त्याखालची चूल आईनं हलू दिली नाही. सगळ्या जुड्या धुरानं काळ्याकुट्ट झाल्यात. दाणे उंदरांनी कधीच नेले. राहिलंय ते तूस आणि काड्या.

आणि हे सगळं मी एका पुण्याच्या मुलीला सांगितलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

केतकी तिचं नाव. संशोधन करते. गेल्या वर्षी याच दिवसांत ती आमच्या शाळेत आली, घामाघूम, पाठीवर तिच्याएवढी पिशवी. तिला जुन्या सागाचे बुंधे हवे होते. सागाच्या कड्यांमधून जुन्या वर्षांची हवा किती ओली होती ते काढता येतं म्हणे. मुख्याध्यापकांनी तिला भूगोलाच्या बाईंकडे पाठवलं. मी तिला चहा दिला आणि मला राहवलं नाही. "साग कशाला? माझ्या आईकडे दर वर्षाचं भात टांगलेलं आहे," असं बोलून गेले. त्या मुलीनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं, आपण काहीतरी वावगं बोललो.

तिनं मला जे समजावलं ते मला समजलं तसं सांगते. हवेतल्या वायूत कार्बन असतो, तो थोडा हलका आणि थोडा जड अशा दोन जातींचा. झाडाला हलका आवडतो. पानाला बारीक तोंडं असतात. हवा दमट असली, मुळाशी पाणी असलं की पान तोंड उघडं ठेवून बसतं, भरपूर हवा आत येते, आणि झाड त्यातला हलका तेवढा निवडून घेतं. हवा कोरडी झाली की आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून पान तोंड मिटतं. मग जे आत असेल त्यावर भागवायचं, जडसुद्धा चालवून घ्यायचं. मी म्हटलं, "म्हणजे घरात भाजी भरपूर असली की आपण कोवळी पानं खुडतो, आणि नसली की देठंही चिरून घालतो, तसं?" केतकी म्हणाली, "काकू, हे मी माझ्या प्रबंधात लिहू का?" तर झाडाच्या अंगात ते तसंच राहतं. काडी वाळली, काळी पडली, तरी तिच्यात जड कार्बन किती ते मोजलं की त्या साली हवा ओली होती की कोरडी, ते कळतं. काडी तहानलेली होती की नाही, एवढंच. मला हे इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात जाऊन सांगितलं. अभ्यासक्रमात नसताना.

आईला पटवायला मात्र दोन शनिवार लागले. "जाळणार ती?" आईनं विचारलं. थोडंसं जाळावं लागतं, केतकीनं कबूल केलं. "मग एकेक काडी घे. जुडी सोडायची नाय." मी स्टुलावर चढले, आई खालून साल सांगत होती, केतकी कागदाच्या पाकिटांवर लिहीत होती. एका निळ्या चिंधीपाशी आई थांबली. ती चिंधी माझ्या शाळेच्या फ्रॉकची. मी मामाकडे गेले तेव्हा मागं राहिलेला फ्रॉक. "ते राहू दे," आई म्हणाली. "का?" "तशीच. जुनी आहे." मी म्हटलं, "आई, त्याच्याहून जुन्या पंधरा काढल्या आत्ता." आणि मी त्यातली काडी काढून केतकीला दिली. आईनं पुढचं साल सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी मी. आणि ताकास तूर लागू देणार नाही, अशी आई. आमच्या घरातली सगळी भांडणं याच वाटणीतून होतात.

ते साल. त्या सालाबद्दल मला जे आठवतं ते असं. श्रावणापर्यंत भात गुडघ्याएवढं झालं होतं आणि भादव्यात पाऊस जो गेला तो आलाच नाही. पात्या उभ्याउभ्या वळल्या, विड्या वळतात तशा. विहिरीत कळशी सोडली की खाली दगडाला लागून खण्ण वाजायची. बाबा संध्याकाळी शेतात जायचे आणि काही न करता परत यायचे. आई दोन हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर जायची, भाऊ तीन वर्षांचा, तो तिच्या कमरेला. मी तिसरा हंडा धरायची आणि अर्ध्या वाटेत सांडायची. एके दिवशी नरपडचा मामा आला. माझी पिशवी भरलेलीच होती. आई म्हणाली, "हितं पाणी नाय गो. पाणी आलं की आणते तुला." एवढंच. मी मामाच्या सायकलवर पुढच्या दांड्यावर बसले. मागं बघितलं की नाही ते आठवत नाही. पाणी आलं की, हे शब्द तेवढे आठवतात.

नरपडला पाणीच पाणी. मामाची चिकूची वाडी, वाडीत गोड्या पाण्याची विहीर, तिच्यावर इंजिन, इंजिनाचा फटफट आवाज आणि पाटातून पळणारं पाणी. वाडीच्या कडेला मामानं थोडं भातही लावलं होतं आणि पाऊस गेला तरी ते हिरवंगार उभं होतं, कारण पाट तिकडे वळवलेला. समुद्रावरून सुरूच्या झाडांतून वारा येई तो ओला, खारट. केस दिवसभर चिकट. वाळूवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास गादीत, वहीत, सगळीकडे. मामी वेणी इतकी घट्ट घालायची की भुवया वर जायच्या. तिनं मला कधी कमी लेखलं नाही, हे मुद्दाम सांगते. पण मी रोज मामाला विचारायची, "कैनाडला पाणी आलं?" मामा म्हणायचा, "येईल हो." दिवाळी आली, गेली. मला भेटायला कुणी आलं नाही. दुसरा पावसाळा धो धो पडला तरी लगेच कुणी आलं नाही. दोन वर्षांनी मी घरी गेले तेव्हा भाऊ मला बघून आईच्या मागं लपला.

याचं दुःख झालं का? झालं. अजून होतं. पण राग नाही आला, कारण रागवायचं कुणावर? पाण्यावर कोण रागावणार? मी मोठी झाले, नोकरीला लागले, लग्न झालं, मुलगा झाला, आणि कुणी विचारलं की सहज सांगायची, "आमच्याकडे दुष्काळ पडला होता ना, म्हणून मी दोन वर्षं मामाकडे होते." सांगताना कधी आवाज हलला नाही. दुष्काळ हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्या आत आईबापांना उभं करता येतं आणि त्यांचे कपडेही भिजत नाहीत.

तर यंदा पंधरा दिवसांपूर्वी केतकी उत्तर घेऊन आली. कैनाडच्या अंगणात खाटेवर तिनं लॅपटॉप उघडला. एक रेघ, वर-खाली जाणारी. वर गेली की कोरडं साल, खाली आली की ओलं. हवेतला कार्बनसुद्धा धुराड्यांमुळे बदलत आलाय, त्याचा हिशेब वजा करून ही रेघ काढलीय, असं तिनं सांगितलं. मी मान डोलावली. गंमत म्हणजे आईची सालं जुळत होती. "बैल मेला ते?" रेघ वर. "भावाच्या लग्नाला मांडव वाहून गेला ते?" रेघ खाली. भाऊ तर खूशच झाला, जणू आई परीक्षेला बसली होती. मग मी माझं साल शोधलं. आणि बघते तर रेघ सगळ्यात खाली. इतर कुठल्याही सालापेक्षा खाली.

"हे उलटं झालंय," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटलं, काकू," केतकी म्हणाली. "इतकं वेगळं दिसलं म्हणून मी तीनदा मोजलं. पण हे सगळ्यात ओलं आहे. भरपूर पाणी, आणि हवा कायम दमट. समुद्राजवळ असते तशी."

"मग त्यात नागलीचा तुकडा गेला असेल." हा घोळ एकदा झाला होता. सुरुवातीला एका पाकिटात नागलीची काडी गेली होती आणि उत्तर भलतंच आलं होतं, कारण नागलीची हवा खायची रीतच निराळी.

"नागली असती तर रेघ वर गेली असती. पार कागदाबाहेर. ही खाली आहे."

मी आईकडे वळले. "आई, ही चिंधी त्याच सालची ना?"

आई दाणे पाखडत होती. सूप थांबलं नाही. "तू घरात असतीस तर तुझा फ्रॉक फाडला असता का मी?"

"मग ही म्हणते त्या साली पाणी होतं."

"तुमचं मशीन खुळं आहे," आई म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

त्यानंतरचे आठ दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. शाळेत मोसमी वारे शिकवताना मधेच थांबायची. पाणी होतं, तर मग का पाठवलं? मुलगी म्हणून? भाऊ तेवढा ठेवून घेतला आणि मला दिलं? मी फार बडबड करायची म्हणून? हंडा सांडायची म्हणून? नऊ वर्षांच्या पोरीनं असा काय गुन्हा केला असेल, याची मी चोपन्नाव्या वर्षी यादी करत बसले. मग वाटायचं, वेडी आहेस का, कळशी दगडाला लागायचा आवाज तू स्वतः ऐकलास! पण ऐकला, की नंतर आईनं इतक्यांदा सांगितलं म्हणून तो आवाज मीच तयार केला? माणसाची आठवण धुतल्या कपड्यासारखी आटते, ताणते, हे मला माहीत आहे. काडीला मात्र खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मी तीन वर्षांचा होतो. मला काय विचारतेस?" बरोबरच होतं त्याचं. तरी मी त्याच्यावर चिडले आणि फोन आपटला. म्हणजे, मोबाइल आपटता येत नाही, म्हणून गादीवर टाकला.

गेल्या रविवारी दुपारी मी कैनाडच्या अंगणात आईसमोर बसले. मोड आलेलं भात ताडपत्रीवर पसरलं होतं. आई पाय लांब करून पायानंच ते खालीवर करत होती. ऊन चटका देणारं आणि क्षितिजावर ढग. भाऊ-वहिनी शेतात होते.

"आई, खरं सांग. मला का पाठवलं होतंस?"

"पाणी नव्हतं."

"होतं. काडी सांगते."

"काडीला काय ठाव?"

"आई!" माझा आवाज चढला. "मी रोज विचारायची मामाला, पाणी आलं का म्हणून. रोज! तुला नको होते मी तर तसं सांग. आता काय होणारे? पण पाणी नव्हतं, पाणी नव्हतं, असं मला आता नको सांगूस." आणि मला रडू फुटलं. चांगली मोठी बाई, अंगणात बसून, शेजारी ऐकत असतील याची पर्वा न करता.

आईचे पाय थांबले.

"ते कणीस आपलं नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आपल्या शेतात काय होतं? पोचा. लोंबीत एक दाणा भरला नव्हता. गवत म्हणून गुरांना घातलं सगळं. आणि नवं तर बांधायला पाहिजे. सासू बसलेली दारात, विचारते, नवं कधी आणतेस. मी बोलली, आणते. तांबडं फुटायच्या आधी निघाली, चालत, नरपडला. दादाच्या पाटावरचं भात कापलं मूठभर. पदरात बांधलं. आणून टांगलं आणि सासूला बोलली, खालच्या कोपऱ्यात थोडं आलंय आपल्या. तिला कळलं असतं तर उतरवायला लावलं असतं. बाहेरचं नवं चालत नाय ना. आजपर्यंत कुणाला सांगितलं नाय. तुझ्या बापालापण नाय."

समुद्राजवळ असते तशी हवा, केतकी म्हणाली होती. भूगोलाची बाई मी. मी तेव्हा ते ऐकलं आणि कैनाडपर्यंत खारा वारा येऊ शकतो का, याचा विचार करत बसले होते.

"तू नरपडला आली होतीस?" मी विचारलं. बाकी सगळं डोक्यावरून गेलं होतं. "मी तिथं होते ना गो आई!"

"होतीस. वाडीत झोका होता, त्याच्यावर. दादाची पोरगी झोका देत होती. तुझी मामी बोलली, हाक मार, भेट तिला. मी बोलली, नको."

"का?"

"हाक मारली असती तर तू पदराला लटकली असतीस. आणि मी तुला घेऊन आली असती. मग? हितं आणून काय पाजलं असतं तुला?" आईनं पदरानं तोंड पुसलं. "तुझे गाल भरलेले. केसांना तेल. मी कुंपणाच्या कुडामागं उभी राहिली आणि बघितलं. मग आली."

मी उठून केतकीला फोन लावला. माणूस अशा वेळी काय करेल याचा नेम नाही. म्हटलं, "ते निळ्या चिंधीचं साल काढून टाक. ते भात कैनाडचं नाही, नरपडचं आहे. विहिरीच्या पाण्यावरचं." पलीकडे ती अक्षरशः ओरडली, "म्हणजे माझं मोजमाप बरोबर होतं!" मग म्हणाली, "काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?" मी हो म्हटलं. तिनं विचारलं की इतर सालांची कणसं नक्की कैनाडचीच ना. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "एकदाच खोटं केलं मी."

फोन ठेवला. ढग जवळ आले होते, भात आवरायला हवं होतं. मी ताडपत्रीचं टोक धरलं. आईनं दुसरं धरलं नाही.

"शोभा, एक विचारू?"

"विचार ना."

"तू तवा वळलीस. झोक्यावरून. कुडाकडे. मी हात पण वर केला होता जरासा. आणि तू तोंड फिरवलंस नि परत झोका घ्यायला लागलीस." आई माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या टोकाकडे बघत होती. "बघितलेलंस का मला?"

एवढी वर्षं तिनं हे कुठं ठेवलं होतं कोण जाणे. मी आठवायचा प्रयत्न केला. झोका आठवतो. दोराचा काथ्या हाताला टोचायचा तो आठवतो. कूडही दिसतो, बांबूचा, त्यावर वेल चढलेला. आणि आणखी एक गोष्ट आठवते, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवसांत मी इतकी रुसले होते की मामेबहिणीला बजावून ठेवलं होतं, आई आली ना, तरी मी बघणारच नाही तिच्याकडे. कुडामागं कुणी उभं होतं का? रविवारपासून मी रोज तिथं बघते आहे. कधी कुणी नसतं. कधी असतं.

"नाही गो," मी म्हटलं. "बघितलं असतं तर धावत आले नसते का?"

"तेच," आई म्हणाली. "मी पण तेच बोलत होती मनाला." आणि तिनं ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

मी आईला जे सांगितलं ते खरं असावं, असं मला फार वाटतं. पण मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.